दोन शेगड्या आणि माळ्यावरचे आडोसे

'दिवाळी' आणि 'दिवाळे' हे शब्द मराठीत इतके शेजारी राहतात की, दिवाळीच्या अंकात दिवाळखोरीविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो. पण हा शेजार जुना आहे. रॉबर्ट ड्रमंड यांचे गुजराती-मराठी शब्दांवरील पुस्तक १८०८ साली मुंबईत छापले गेले. त्यात 'दिवाळे' या शब्दामागची म्हणून एक चाल नोंदवलेली आहे. व्यापारी बुडाला की तो आपल्या घरात, दुकानात किंवा पेढीवर एक भगभगीत दिवा लावून ठेवी, आणि हिशेब उघड होऊन घेणेकऱ्यांचे समाधान होईपर्यंत स्वतः तिथून निघून जाई. पुढे 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशाने ही नोंद उचलली आणि व्युत्पत्ती वादग्रस्त असल्याचेही सांगून टाकले. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, चाल बोलकी आहे. मालक घरात नाही, दार उघडे, आत दिवा जळतो आहे : या, काय शिल्लक आहे ते डोळ्यांनी पाहा.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा दिवा फार उपयोगी पडतो. सुस्थितीतल्या माणसाचे घर इतिहासाला बंदच असते. त्याच्या स्वयंपाकघरात किती भांडी होती, धोब्याकडे किती सदरे गेले होते, हे कोण लिहून ठेवणार? ते लिहिले जाते माणूस मेल्यावर वारसांत वाद झाला तर, किंवा जिवंतपणी त्याचे दिवाळे वाजले तर. सतराव्या शतकातले असे एक घर ॲम्स्टरडॅमच्या योडेनब्रेस्त्रात या रस्त्यावर आजही उभे आहे. ते चित्रकार रेम्ब्रांट फान राइन याचे. ते त्याने विकत घेतले, एकोणीस वर्षे वापरले, आणि पूर्ण किंमत कधीच न फेडता गमावले. या गमावण्याच्या कागदपत्रांतून आपल्याला एक चित्रकार जितका कळतो, तितका तो त्याच्या सात उपलब्ध पत्रांतून कळत नाही.

१

रेम्ब्रांटचा जन्म १६०६चा, लायडन गावचा. बाप पिठाच्या गिरणीचा मालक. पंचविशीत तो ॲम्स्टरडॅमला आला आणि हेंड्रिक आउलेनबुर्ख या चित्रांच्या व्यापाऱ्याकडे काम करू लागला. त्याच व्यापाऱ्याच्या नात्यातल्या सास्कियाशी १६३४मध्ये त्याचे लग्न झाले. सास्किया फ्रीसलंडमधल्या एका प्रतिष्ठित घराण्यातली, वडील नगराध्यक्ष राहिलेले. पाचसहा वर्षांत गिरणीवाल्याचा मुलगा शहरातला सर्वांत मागणी असलेला व्यक्तिचित्रकार झाला.

५ जानेवारी १६३९ रोजी त्याने आउलेनबुर्खच्या शेजारचेच घर घ्यायचा करार केला. घर १६०६च्या सुमारास बांधलेले, म्हणजे मालकाच्याच वयाचे. किंमत १३,००० गिल्डर. हातात कसब असलेल्या कारागिराची वर्षभराची कमाई तेव्हा सुमारे ३०० गिल्डर असे, यावरून रकमेचा अंदाज यावा. सगळी रक्कम रोख द्यायची नव्हती. चौथा हिस्सा पहिल्या वर्षात आणि बाकीची पाचसहा वर्षांत, व्याजासह, अशी बोली होती. घर ताब्यात आज, पैसे पुढे. आजच्या गृहकर्जाची सवय असलेल्या वाचकाला यात काहीच नवल वाटणार नाही. फरक इतकाच की मध्ये बँक नव्हती. विकणारा क्रिस्टॉफेल थाइस हाच धनको होता.

त्याच जानेवारीत रेम्ब्रांटने राजपुत्राचे चिटणीस कॉन्स्टंटाइन हॉयगेन्स यांना पत्रे लिहिली. ख्रिस्ताच्या जीवनावरची दोन चित्रे पूर्ण झाली होती, त्यांचे पैसे हवे होते. त्याने प्रत्येकी १,००० गिल्डर मागितले, शेवटी प्रत्येकी ६०० मिळाले. पैसे लवकर मिळाले तर या वेळी फार उपयोग होईल, असे तो विनवतो. कलेच्या इतिहासात ही पत्रे त्याच्या कलाविचारासाठी वाचली जातात. घराच्या करारापाशी ठेवून वाचली की ती पहिल्या हप्त्याची पत्रे वाटू लागतात.

घर कशासाठी हवे होते, तेही पाहिले पाहिजे. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे आपले शहाणपण चित्रकाराच्या धंद्याला तंतोतंत लागू पडत नाही. बडे गिऱ्हाईक चित्र काढून घ्यायला घरी येते, बैठकीत बसते, भिंतीवरची विकाऊ चित्रे पाहते. वरच्या मजल्यावर उत्तरेचा उजेड येणारे मोठे चित्रदालन हवे, माळ्यावर शिकाऊ मुलांना बसायला जागा हवी. मुले शिकवणीचे पैसे देत आणि त्यांनी केलेले काम गुरूच्या दुकानातून विकले जाई. म्हणजे हे घर राहण्याची जागा होती, कारखाना होता, शाळा होती आणि दुकानही होते. कर्ज काढून असे घर घेणे १६३९मध्ये मूर्खपणाचे नव्हते.

२

१६४२ हे वर्ष दोन गोष्टींसाठी सांगितले जाते. त्या वर्षी 'रात्रीचा पहारा' या नावाने ओळखले जाणारे भव्य चित्र पूर्ण झाले, आणि जूनमध्ये सास्किया वारली. चार अपत्यांपैकी एकटा टिटस जगला होता, तो तेव्हा नऊ महिन्यांचा होता. सास्कियाने मृत्युपत्रात आपला अर्धा वाटा टिटसला ठेवला. पुनर्विवाह करीपर्यंत त्याचा उपभोग रेम्ब्रांटने घ्यावा, अशी तरतूद केली. पाच वर्षांनी, १६४७मध्ये, नवरा-बायकोच्या एकत्र मालमत्तेचा अंदाज ४०,७५० गिल्डर धरण्यात आला. त्यातले अर्धे, म्हणजे २०,३७५ गिल्डर, टिटसचे. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण तो तेव्हा निव्वळ कागदावर होता आणि पुढे त्याच कागदाने एका माणसाचे नुकसान केले.

लोककथा अशी आहे की 'रात्रीचा पहारा' गिऱ्हाइकांना आवडला नाही, कामे बंद झाली आणि रेम्ब्रांट रस्त्यावर आला. कागद तसे सांगत नाहीत. त्या चित्राचे सुमारे १,६०० गिल्डर त्याला मिळाले होते, आणि नंतरही कामे येत होती. हप्ते मात्र थांबले. १६४९नंतर थाइसला जवळजवळ काहीच मिळाले नाही. या काळात पैसा जात होता तो लिलावांत. चित्रे, छापे, शिंपले, पुतळे, शस्त्रे, जे दिसेल ते रेम्ब्रांट विकत घेई. त्याचा इटालियन चरित्रकार बाल्दिनुच्ची लिहितो की, लिलावात तो पहिलीच बोली इतकी चढी लावी की दुसरा कोणी पुढे येत नसे, आणि आपण हे धंद्याची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी करतो असे सांगे. घर घेताना केलेला हिशेब बिघडला तो इथे. घराचे देणे पुढे ढकलता येते, समोरचा लिलाव ढकलता येत नाही, हा संग्राहकाचा हिशेब होता.

१६५२मध्ये इंग्लंडशी समुद्रावर युद्ध सुरू झाले. जहाजे अडकली, व्यापार आखडला, रोख रक्कम दुर्मिळ झाली. चौदा वर्षे थांबलेल्या थाइसने १६५३च्या आरंभी हिशेब पाठवला : मुद्दल, व्याज आणि घरावरचे कर धरून ८,४७० गिल्डर.

रेम्ब्रांटने तेच केले जे आपल्याकडे शेकडो माणसे करतात. एक कर्ज फेडण्यासाठी तीन कर्जे काढली. कॉर्नेलिस विट्सेन या वजनदार नगरपित्याकडून ४,१८० गिल्डर, इसाक फान हर्ट्सबेक या व्यापाऱ्याकडून ४,२००, आणि कवी व मित्र यान सिक्सकडून १,०००. तिन्हींची बेरीज ९,३८० होते, म्हणजे थाइसच्या मागणीपेक्षा जास्त. तरीही थाइसचे पूर्ण पैसे गेले नाहीत. उरलेल्या सुमारे १,१७० गिल्डरांसाठी थाइसने घर गहाण लिहून घेतले. विट्सेन आणि हर्ट्सबेक यांनी कर्जरोखे शहराच्या पंचांसमोर नोंदवून सगळी मालमत्ता तारण घेतली होती. एका घरावर आता नोंदलेले तीन बोजे होते, आणि त्यांच्याखाली न दिसणारा चौथा, टिटसचा.

३

पुढची तीन वर्षे म्हणजे टाळाटाळीची तीन वर्षे. १६५५च्या अखेरीस रेम्ब्रांटने 'कैझर्सक्रोन' म्हणजे 'बादशाही मुकुट' नावाच्या खानावळीतले दालन भाड्याने घेऊन स्वतःच्या वस्तूंचे लिलाव केले. मग १७ मे १६५६ रोजी त्याने एक वेगळीच हालचाल केली. पोरक्या मुलांच्या मिळकतींची देखरेख करणारी एक कचेरी ॲम्स्टरडॅममध्ये होती. तिथे जाऊन त्याने घर टिटसच्या नावे करून दिले. टिटस तेव्हा चौदा वर्षांचा होता.

घेणेकऱ्यांनी आरडाओरडा केला यात नवल नाही. बुडणाऱ्या माणसाने बायकोच्या, मुलाच्या नावावर घर करणे ही युक्ती आपल्याला अनोळखी नाही. तरी रेम्ब्रांटच्या बाजूनेही एक खरी गोष्ट होती. टिटसचे देणे या सगळ्या कर्जांपेक्षा जुने होते, आणि ते आईच्या पैशाचे होते. बापाने मुलाचे पैसे घराला आणि लिलावांना लावून टाकले होते. आता तो ते मुलाला परत करत होता की मुलाच्या आडून स्वतःचे छप्पर वाचवत होता, याचे उत्तर 'दोन्ही' असेच असावे.

दोन महिन्यांत, जुलै १६५६मध्ये, त्याने हेगच्या वरिष्ठ न्यायालयाकडे 'केसिओ बोनोरुम'चा अर्ज केला. ही रोमन कायद्यातून आलेली सोय. शब्दशः अर्थ 'मालमत्तेचा त्याग'. माणसाने आपण होऊन हात वर करायचे आणि असेल नसेल ते घेणेकऱ्यांसाठी सोडून द्यायचे. त्या बदल्यात त्याला कर्जापायी तुरुंगात टाकता येत नसे. ही सोय लबाडासाठी नव्हती. आपण दुर्दैवाने बुडालो हे दाखवावे लागे. म्हणून रेम्ब्रांटने अर्जात धंद्यातली खोट आणि समुद्रावरचे नुकसान ही कारणे दिली. समुद्रावर त्याची जहाजे फिरत नव्हती, पण बंदराच्या शहरात हे कारण न्यायालयांच्या ओळखीचे होते.

असे अर्ज ज्या कचेरीकडे जात तिचे नाव 'डेसोलाटे बूडल्सकामर'. मराठीत सांगायचे तर 'उजाड मिळकतींची कचेरी'. सरकारी खात्याचे इतके खरे नाव क्वचितच सापडेल. ॲम्स्टरडॅमने ती १६४०च्या दशकात स्थापन केली होती. नव्या नगरभवनात, आजच्या राजवाड्यात, तिच्या दाराच्या वर संगमरवरात एक शिल्प कोरलेले आहे. सूर्याच्या फार जवळ गेल्याने मेणाचे पंख वितळून खाली कोसळणारा इकारस. त्याखालच्या तोरणात पानाफुलांऐवजी रिकाम्या पेट्या, न फेडलेले कागद आणि ते कुरतडणारे उंदीर आहेत. हे शिल्प आजही पाहायला मिळते. ज्याने आयुष्यभर धर्मग्रंथातल्या आणि पुराणातल्या गोष्टी माणसांच्या चेहऱ्यांत आणल्या, त्याचे कागदही याच कचेरीने हाताळले.

४

२५ आणि २६ जुलै १६५६ रोजी कचेरीचा कारकून घरात फिरला आणि खोलीमागून खोली घेत त्याने यादी केली. एकूण ३६३ नोंदी. दिवाळ्याच्या गोष्टीतला दिवा तो हाच.

पहिली नोंद ओसरीवजा दर्शनी खोलीतली : आद्रियान ब्राउवर या चित्रकाराचे छोटे चित्र, विषय पाव-केकवाला. मग बैठक, मागची खोली, संग्रहाची खोली, लहान आणि मोठे चित्रदालन, शेवटी स्वयंपाकघर. संग्रहाच्या खोलीत रोमन सम्राटांचे पुतळे, होमर आणि सॉक्रेटिसचे मस्तक, शिंपले आणि पोवळी, जपानी शिरस्त्राण, पूर्वेकडची शस्त्रे, बाण आणि धनुष्ये. राफाएल, मांतेन्या, ड्यूरर, लुकास फान लायडन यांच्या छाप्यांची बाडेच्या बाडे. इटलीला कधीही न गेलेल्या माणसाने इटली घरात आणून ठेवली होती. पुस्तके मात्र मोजकी, वीसबावीस. त्यांत एक जुने बायबल आणि यान सिक्सचे 'मेडिआ' हे नाटक.

या यादीतली एक नोंद आपल्याला जवळची आहे. ती नाना तऱ्हांच्या पोशाखांच्या छाप्यांबरोबर ठेवलेल्या 'कुतूहलजनक' लघुचित्रांच्या एका बाडाची आहे. ही मुघल चित्रे असावीत असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तर्क राहू दे. पण १६५६ ते १६६१ या वर्षांत, म्हणजे घर जात असतानाच आणि गेल्यावर, रेम्ब्रांटने आशियाई कागदावर मुघल लघुचित्रांच्या वीसहून अधिक प्रती रेखाटल्या, हे निश्चित आहे. शाहजहान, दरबारी, झाडाखाली बसलेले चार वृद्ध शेख. डच कंपनीची मोठी वखार सुरतेला होती, आपल्या कोकणात वेंगुर्ल्यालाही होती, आणि हिंदुस्थानातल्या वस्तू तिच्या जहाजांतून ॲम्स्टरडॅमला उतरत. त्या चार शेखांच्या बैठकीवरून त्याने १६५६मध्येच एक कोरीव छाप केला : अब्राहमच्या दारी आलेले देवदूत. देवदूत खुर्च्यांवर नाहीत, सतरंजीवर बसावे तसे जमिनीवर, मधोमध ताट ठेवून बसले आहेत. ज्याचे स्वतःचे घर चालले होते तो त्या वर्षी दारी आलेल्या पाहुण्यांचे चित्र काढत होता. यातून अर्थ काढायचा मोह होतो. तारखा तेवढ्या शेजारी ठेवाव्यात आणि पुढे जावे.

स्वयंपाकघरात कारकुनाला फारसे काही सापडले नाही : पाण्याचे कथलाचे भांडे, काही भांडीकुंडी, लहान टेबल, फडताळ, काही जुन्या खुर्च्या. सम्राटांचे पुतळे एका खोलीत आणि ही भांडी दुसऱ्या खोलीत, हा या घराचा ताळेबंद. सर्वांत शेवटची नोंद घरात नसलेल्या वस्तूंची आहे. धुण्याला गेलेले असे सांगितलेले कपडे : पुरुषाचे तीन सदरे, सहा हातरुमाल, बारा जेवणाचे रुमाल, तीन टेबलावरच्या चादरी, काही गळपट्ट्या आणि मनगटपट्ट्या. धोब्याकडचे तीन सदरेही घेणेकऱ्यांचे झाले होते.

५

वस्तूंचे लिलाव दोन वर्षे चालले. बाजार मंदीत होता, त्यामुळे त्यांत फारसे हाती लागले नाही. घराचा लिलाव १६५८च्या फेब्रुवारीत झाला. आधी चढी बोली लावणाऱ्यांना जामीन मिळाला नाही. अखेर घर ११,२१८ गिल्डरांना गेले. घेणाऱ्यांत एक चांभार होता. १३,०००ला घेतलेले घर एकोणीस वर्षांनी कमी भावात गेले.

विक्रीच्या अटींत एक वाक्य आहे. घरातून रेम्ब्रांटने दोन शेगड्या आणि विद्यार्थ्यांसाठी माळ्यावर घातलेले आडोसे काढून न्यावेत. चित्रे गेली, पुतळे गेले, सदरे गेले. उरल्या त्या थंडीत खोली उबदार ठेवणाऱ्या दोन शेगड्या, आणि फळ्यांचे ते आडोसे, ज्यांच्यामागे बसून मुले चित्रे शिकत. आपल्या दिवाणी कायद्यात कारागिराची अवजारे जप्त करता येत नाहीत. या अटीमागे असा उदार हेतू असेलच असे नाही. शेगड्या आणि फळ्या भिंतीत बांधलेल्या नव्हत्या, एवढाच मुद्दा असेल. पण परिणाम तोच झाला. चित्रकाराच्या धंद्याचा सांगाडा तेवढा त्याच्याबरोबर बाहेर पडला.

आलेल्या पैशांतून पहिला वाटा कोणाला मिळाला? कॉर्नेलिस विट्सेनला, पूर्ण ४,१८० गिल्डर, फेब्रुवारी १६५८मध्येच. त्याच वर्षी तो शहराचा नगराध्यक्ष होता. यान सिक्स तर आधीच मोकळा झाला होता. त्याने आपला रोखा दुसऱ्याला विकला होता, आणि रेम्ब्रांटला जामीन राहिलेल्या स्नेह्याला ते पैसे भरावे लागले.

उरला इसाक फान हर्ट्सबेक. त्यालाही ४,२०० गिल्डर मिळाले. पण आता टिटसच्या वतीने लुई क्रायर्स नावाचा पालक उभा राहिला. त्याचे म्हणणे सरळ होते : मुलाचे देणे १६४७च्या अंदाजाने ठरलेले, हर्ट्सबेकचे १६५३चे. जुने देणे आधी. हर्ट्सबेकने विचारले की, १६४७मध्ये रेम्ब्रांटकडे खरोखर ४०,७५० गिल्डरांची मालमत्ता होती हे कशावरून? म्हणून क्रायर्सने साक्षी गोळा केल्या. सराफांनी सास्कियाच्या दागिन्यांविषयी सांगितले. 'रात्रीचा पहारा'मध्ये ज्यांचे चेहरे आहेत त्यांच्यापैकी काहींनी सांगितले की, आम्ही प्रत्येकी सुमारे शंभर गिल्डर दिले. ते चित्र १,६०० गिल्डरांचे होते हे आज आपण छातीठोकपणे सांगतो, ते या भांडणामुळे. दिवाळे निघाले नसते, तर जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एकाची किंमत आपल्याला कळलीच नसती.

खटला पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल १६६५मध्ये लागला, टिटसच्या बाजूने. हर्ट्सबेकला ४,२०० गिल्डर परत करावे लागले. टिटसला शेवटी ६,९५२ गिल्डर मिळाले.

रेम्ब्रांटच्या चरित्रांत हा निकाल बहुधा समाधानाने सांगितला जातो : पोराला न्याय मिळाला. पण बारा वर्षांपूर्वी अडलेल्या शेजाऱ्याला रोख रक्कम देणारा, रीतसर रोखा नोंदवून घेणारा माणूस रिकाम्या हाताने घरी गेला. त्याने पैसे दिले तेव्हा टिटसचा बोजा कोणत्याही रोख्यावर लिहिलेला नव्हता. विट्सेन सत्तेत होता, त्याला आधी मिळाले आणि त्याचेच टिकले. सिक्स चतुर होता, तो वेळेवर बाहेर पडला. हर्ट्सबेकचे व्यक्तिचित्र रेम्ब्रांटने काढलेले नाही. म्हणून त्याचा चेहरा आपल्याला माहीत नाही, आणि चेहरा नसलेल्या घेणेकऱ्याविषयी वाईट वाटून घ्यायची पद्धत नाही. गमावलेल्या घराची गोष्ट नेहमी घर गमावणाऱ्याच्या बाजूने सांगितली जाते. यादी मात्र दोघांसाठी लिहिलेली होती.

६

बिऱ्हाड शहराच्या दुसऱ्या टोकाला, रोझनग्राख्त या कालव्याकाठी हलले. तिथले घर भाड्याचे, वर्षाला २२५ गिल्डर. बरोबर टिटस होता, आणि हेंड्रिक्ये स्टॉफेल्स. ती आधी मोलकरीण म्हणून घरात आली आणि पुढे रेम्ब्रांटची लग्नाविनाची सोबतीण झाली. पुन्हा लग्न केले तर सास्कियाच्या वाट्याचा उपभोग संपणार होता, हे त्या मृत्युपत्राचे कलम आपल्याला आठवते. हेंड्रिक्येला १६५४मध्ये चर्चच्या मंडळींसमोर उभे राहून याबद्दल बोल ऐकावे लागले होते. त्याच वर्षी तिला कॉर्नेलिया ही मुलगी झाली.

घर वाचवण्याची युक्ती फसली होती, पण घर चालवण्याची युक्ती हेंड्रिक्ये आणि टिटस यांनी काढली. डिसेंबर १६६०मध्ये दोघांनी चित्रे आणि छापे विकण्याची भागीदारी रीतसर नोंदवली. रेम्ब्रांट त्यात भागीदार नव्हता. तो सल्ला देणार, काम करणार, आणि बदल्यात त्याला जेवण आणि राहायला जागा मिळणार. त्याने टिटसकडून ९५० आणि हेंड्रिक्येकडून ८०० गिल्डर घेतल्याचीही नोंद आहे. म्हणजे जे काही रंगवले जाईल ते या दोघांच्या मालकीचे, आणि घेणेकऱ्यांना त्याला हात लावता येणार नाही. चौपन्न वर्षांचा, युरोपभर नाव असलेला चित्रकार कायद्याच्या दृष्टीने स्वतःच्या मुलाच्या दुकानातला जेवणावारी कामगार झाला.

याच काळातली कामे आज आपण त्याची सर्वोत्तम मानतो. कापड तपासणाऱ्या महाजनांचे समूहचित्र १६६२चे. 'ज्यू वधू' त्यानंतरचे. आणि घर विकले गेले त्या १६५८ सालचे एक आत्मचित्र न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. सोनेरी पिवळ्या झग्यात, हातात काठी घेऊन, राजा सिंहासनावर बसावा तसा तो समोर पाहत बसला आहे. दुःखाने कला मोठी होते, असा निष्कर्ष यावरून काढू नये. दुःखाने बुडालेले अनेक चित्रकार त्याच कचेरीच्या याद्यांत पडून आहेत आणि त्यांची नावे कोणी घेत नाही. इतकेच म्हणता येईल की घर गेले तरी त्याचा हात थांबला नाही, कारण दोन माणसांनी त्याच्याभोवती कागदाच्या चार भिंती उभ्या केल्या.

विवंचना संपली नाही. १६६२मध्ये त्याने जुन्या चर्चमधली सास्कियाची कबर विकली. पुढच्या वर्षी हेंड्रिक्ये गेली. १६६८मध्ये टिटस गेला, लग्नाला वर्षही झाले नव्हते. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी रेम्ब्रांट गेला. त्याला वेस्टरकेर्कमध्ये भाड्याच्या कबरीत पुरले. कबरीची जागाही आज दाखवता येत नाही. शेवटी त्याच्या नावावर जमिनीचा तेवढाही तुकडा नव्हता.

७

नव्या मालकांनी योडेनब्रेस्त्रातचे घर लवकरच वाढवले, दर्शनी भाग बदलला. पुढच्या दोन शतकांत त्यात अनेक बिऱ्हाडे आली आणि गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ते मोडकळीला आले होते. रेम्ब्रांटच्या तीनशेव्या जन्मवर्षानंतर, १९०७ साली, ॲम्स्टरडॅम नगरपालिकेने ते विकत घेतले. दुरुस्तीनंतर १९११मध्ये तिथे संग्रहालय उघडले. पण आत काय असावे? सगळे विकले गेले होते. १९९०च्या दशकात घराचे अंतरंग पुन्हा उभे करायचे ठरले, तेव्हा अभ्यासकांनी आधार घेतला तो जुलै १६५६च्या यादीचा. कारकून ज्या क्रमाने खोल्यांतून फिरला, त्या क्रमाने खोल्या ओळखल्या गेल्या. कुठे पलंग, कुठे पुतळे, कुठे शिंपले, हे त्या ३६३ नोंदींवरून ठरले.

जो कागद घर काढून घेण्यासाठी लिहिला गेला, तोच साडेतीनशे वर्षांनी घर परत मांडायच्या कामी आला. याला काव्यात्म न्याय म्हणायला मन धजत नाही. हर्ट्सबेकचे ४,२०० गिल्डर त्यातून परत आलेले नाहीत, आणि रेम्ब्रांट त्या घरात परत गेलेला नाही. कारकुनाने आपले काम चोख केले, एवढाच त्याचा अर्थ.

आज त्या घराच्या वरच्या मजल्यांवर विद्यार्थ्यांच्या जागा दाखवतात, आडोसे घालून. मूळच्या फळ्या अर्थात तिथे नाहीत. त्या १६५८मध्ये रेम्ब्रांटने आपल्याबरोबर न्यायच्या होत्या, अटीप्रमाणे.